साध्या वरणभातासाठी टेबल सजवलं तर नखरा होतो का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

नाशिकहून एका ताईंनी लिहिलंय. नोकरी करतात, घरात नवरा, सासूबाई आणि कॉलेजला जाणारी मुलगी. नवीन फ्लॅटमध्ये आल्यावर घरात पहिल्यांदाच डायनिंग टेबल आलं, सहा खुर्च्यांचं, आणि ताईंना वाटलं की निदान रविवारी दुपारी तरी टेबल छान मांडून सगळ्यांनी एकत्र जेवावं. मग टेबलक्लॉथ, फुलं, नॅपकिनच्या घड्या असं सगळं सुरू केलं, पण जेवण आपलं नेहमीचंच, वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पोळी. नवरा म्हणायला लागला, "इथे भूक लागलीये आणि तू फुलं काय लावत बसलीस." सासूबाई म्हणाल्या, "साध्या जेवणाला एवढा नखरा कशाला, आमच्या वेळी असलं काही नव्हतं." मुलगी फोटो काढेपर्यंत जेवण गार. शेवटी ताईंनी हिरमुसून सगळं गुंडाळून ठेवलं. आता श्रावणातल्या एका रविवारी पुण्याहून दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं जेवायला येणारेत. जावेचं घर एकदम टापटीप, तिच्याकडे काचेचा डिनर सेट. ताईंना टेबल सजवायची हौस तर आहे, पण सजवलेल्या टेबलावर साधी भाजीपोळी ठेवली तर हसं होईल अशी भीती वाटते. बाहेरून पनीरची भाजी वगैरे मागवावी का, सात-आठ हजारांचा डिनर सेट घ्यावा का, की सरळ स्टीलच्या ताटात वाढून मोकळं व्हावं, असा प्रश्न आहे.

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त खटकली ती पनीरची भाजी. म्हणजे पनीरशी माझं भांडण नाही, पण तुम्ही गृहीत धरलंय की टेबल छान दिसलं की जेवण पण त्या तोडीचं भारी पाहिजे, नाहीतर सजावट उघडी पडते. हे कोणी सांगितलं हो तुम्हाला? पुण्यातली माणसं हॉटेलची पनीरची भाजी पुण्यात खात नाहीत का, ती खायला कशाला दोनशे किलोमीटर गाडी चालवत येतील. उलट श्रावणात घरी जेवायला बोलावलंय म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यासमोर येत असणार ते वरणभातावरचं तूपच. साधं जेवण हेच मुळात दिसायला सुंदर असतं, पांढरा भात, त्यावर पिवळं वरण, बाजूला हिरवी चटणी, लिंबाची फोड, लोणच्याचा लाल थेंब, एवढे रंग त्या शाही ग्रेव्हीत कुठून येणार, तिथे सगळं एकाच केशरी रंगाचं. त्यामुळे मेनूला हात लावू नका.

आता दुसरं. तुमच्या घरच्यांना टेबल सजवणं आवडत नाही असा तुम्ही निष्कर्ष काढलाय, मला तसं वाटत नाही. तुमचंच पत्र नीट बघा, नवरा फुलांना नावं ठेवत नाहीये, तो म्हणतोय भूक लागलीये. दुपारचा दीड वाजलाय, कुकरचा वास घरभर सुटलाय, आणि पाऊण तास घड्या आणि फोटो चाललेत, अशा वेळी कोणीही चिडेल, तुम्ही पण चिडाल. म्हणजे गडबड सजावटीत नाही, ती वेळेत आहे, आणि तिचं उत्तर अगदी सोपं आहे: टेबल आदल्या रात्री मांडायचं. शनिवारी जेवणं झाली, टेबल पुसलं, की तेव्हाच कापड घाला, ताटं जागेवर उपडी ठेवा, वाट्या-भांडीही उपडी, म्हणजे धूळ बसत नाही आणि पावसाळ्यात चिलटं-पाली फिरतात त्याचाही प्रश्न नाही. मग रविवारी ताटं सुलटी करायची, फुलं ठेवायची आणि वाढायचं, पाच मिनिटांचं काम. आणि मुलीला सांगा, फोटो काय ते ताटं रिकामी असताना काढ, किंवा एक ताट आधी वाढून खिडकीपाशी ने आणि काढ, तोवर बाकीच्यांची वाढणी सुरू. तिच्या फोटोसाठी सगळ्यांचा भात थांबणार नाही हे एकदा स्पष्ट झालं की घरातली निम्मी कुरकुर जाईल.

सासूबाईंचं "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" मात्र मी सहजासहजी मान्य करणार नाही. टेबलक्लॉथ नव्हता हे खरं, पण पाट होता, ताटाभोवती रांगोळीची महिरप होती, घासून लख्ख केलेला तांब्या होता, सणाला केळीचं पान होतं, पंगतीत उदबत्ती लागायची. आणि ताट वाढायचं तर इतकं ठरलेलं होतं की त्यात चूक झाली तर मोठी माणसं टोकायची. वर मधोमध मीठ. मिठाच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, म्हणजे जे थोडंथोडं तोंडी लावायचं ते. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, म्हणजे जे उजव्या हाताला सारखं लागतं ते. खाली समोर भाताची मूद, वर वरण, वर तूप. केळीचं पान असेल तर त्याचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मला तर वाटतं एवढी विचारपूर्वक केलेली मांडणी असताना आपण इंटरनेटवर काटे-चमचे कुठल्या बाजूला ठेवायचे ते शोधत बसतो हीच मोठी गंमत आहे. उजव्या हाताने जेवायचं म्हणजे तो हात खरकटा, म्हणून पाण्याचं भांडंही आपल्याकडे डाव्या हाताला सोयीचं पडतं, तिकडच्या फोटोंमध्ये ग्लास उजवीकडे असतो कारण त्यांचे हात कोरडे असतात. तो नियम उचलून आणायची काही गरज नाही.

तर माझा सल्ला असा की या वेळी ताटं सासूबाईंना वाढायला सांगा. वाढायला म्हणजे उभं राहून नाही, गुडघ्यांचं दुखणं बहुतेक त्या वयात असतंच, खुर्चीवर बसून पहिलं एक ताट त्यांनी लावायचं आणि मुलीने ते बघून बाकीची लावायची. मुलीला मूद कशी पाडायची तेही त्याच शिकवतील, वाटीला आतून तुपाचा हात फिरवायचा, गरम भात हलक्या हाताने दाबायचा आणि एका झटक्यात उपडी करायची, जास्त दाबलं तर गोळा होतो आणि कमी दाबलं तर ढासळतो. टेबलावर रांगोळी नको, ताटात जाईल, पण दारात किंवा हॉलच्या कोपऱ्यात त्यांना काढायची असेल तर काढू दे. हे करून त्या खूश होतीलच अशी खात्री मी देत नाही, काही सासवा मदत करून पण नावं ठेवतात. पण ज्या टेबलात आपला हात लागलाय त्याला "नखरा" म्हणणं जरा अवघड जातं.

आता डिनर सेट. घेऊ नका, निदान या रविवारसाठी तरी नाही. एक तर जावेकडे काचेचा आहे म्हणून आपल्याकडे पाहिजे हे कारण तुम्हाला स्वतःलाच पटत नसणार, नाहीतर तुम्ही विचारलं नसतं, घेऊन टाकला असता. दुसरं म्हणजे आपलं जेवण पातळ-पातळ आहे, वरण, आमटी, कोशिंबिरीचं पाणी, ताक, आणि सपाट काचेच्या प्लेटमध्ये ते सगळं एकमेकांत पळतं. कडा असलेलं स्टीलचं ताट आणि तीन वाट्या याला तोड नाही. स्टील फिकं दिसतं ही तक्रार मला माहितीये, पण ते दिसतं कारण आपण ते फिक्या सनमायकावर ठेवतो. त्याखाली गडद कापड घाला, गडद हिरवं, वांगी रंगाचं, विटकरी, आणि तेच ताट बघा कसं उठून दिसतं. फक्त सगळी ताटं एका मापाची निवडा, सहा-आठ सारखी ताटं कुठल्याही मराठी घरात निघतात, लग्नाच्या रुखवतातली, नाव कोरलेली, असतील ती. नावं कोरलेली असली तरी चालतील, मला तर ती आवडतात.

खर्च करायचाच असेल, हात शिवशिवतच असेल, तर नाशिकमध्ये राहून डिनर सेटवर कशाला करायचा, आपलं गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. भांडी बाजारात एक चक्कर मारा आणि वरणासाठी झाकणाची एक छोटी पितळी हंडी किंवा एक तांब्याचा तांब्या, एवढंच आणा. (श्रावणात पाऊस जोरात असेल, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं असेल, तर तो बेत पुढे ढकला, तेव्हा दुकानदारांना स्वतःचा माल वर चढवायची घाई असते, तुम्हाला हंडी कोण दाखवणार.) पण हंडी घेताना आतून कल्हई आहे ना ते बघूनच घ्या. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात आंबट काही ठेवलं की ते कळकतं, चव तर जातेच आणि पोटालाही वाईट. म्हणून तांब्याच्या तांब्यात पाणी ठेवा, ताक किंवा कोकम सरबत नको, दह्याची कोशिंबीर आणि चिंचेची आमटी स्टील, काच किंवा चिनीमातीतच. साधं वरण कल्हईच्या हंडीत छान राहतं, झाकणामुळे गरमही राहतं, आणि ती एक पिवळी चकाकी टेबलावर असली की बाकी काही चकाकायची गरज नसते.

पण विकत आणायच्या आधी काय काढायचं ते बघा. खरं सांगू का, आपल्या घरातल्या टेबलांना सजावटीची फारशी गरजच नसते, त्यांना आधी रिकामं व्हायची गरज असते. सासूबाईंचा औषधांचा डबा, मोबाइलचे चार्जर, लाइट बिल, दुचाकीची किल्ली, कालचा पेपर, अर्धी संपलेली फरसाणाची पिशवी रबरबँड लावून, आणि लोणच्याची ती प्लास्टिकची बरणी जिच्या झाकणाला तेल ओघळून लेबल काळं पडलेलं असतं. हे सगळं उचलून एका टोपलीत घालून बेडरूममध्ये न्या. लोणचं चिनीमातीच्या छोट्या सटात किंवा काचेच्या वाटीत काढा, तूप तुपाच्या भांड्यात, मीठ लाकडी किंवा चिनीमातीच्या छोट्या वाटीत, पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं म्हणून ते अगदी शेवटी. एवढं केलं तरी टेबल निम्म्याहून जास्त सजलं समजा. नियमच करून टाका ना, छापील लेबल असलेलं काही टेबलावर येणार नाही.

कापडाचं म्हणाल तर पांढरा टेबलक्लॉथ फोटोत भारी दिसतो आणि आपल्या घरात टिकत नाही, कारण हळद. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, ते बघून घाबरायचं नाही, धुऊन उन्हात टाकला की ऊन तो रंग खाऊन टाकतं. पण श्रावणात ऊन कुठून आणायचं? म्हणून या दिवसात गडद किंवा पिवळं-मोहरी रंगाचंच कापड. विकत नको, जुनी सुती साडी घ्या, साडीचा पन्हा साधारण 45 इंच असतो, तुमचं टेबल 3 फूट रुंद असेल तर दोन्ही बाजूंना चार-साडेचार इंच खाली उतरतं, पुरे आहे, फार लांब सोडलं तर मुलं पायाने ओढतात. इरकलचे काठ टेबलाच्या लांबीला आले तर फारच देखणं. खणाचं कापड वापरायचं असेल तर आधी एका कोपऱ्याला ओलं फडकं लावून रंग जातोय का बघा, खणाचा रंग जायची शक्यता असते आणि मग जावेच्या पांढऱ्या कुर्त्याच्या बाह्यांवर तुमच्या टेबलाची आठवण राहील. कापडाखाली एक जुनी चादर दुमडून घाला, ताटांचा आवाज होत नाही, गरम भांड्याचा डागही खाली उतरत नाही.

आणि नॅपकिनचे हंस-कमळ वगैरे सोडून द्या हो. कागदी नॅपकिन पंख्याखाली उडतात, तुमच्या टेबलावर पंखा असणारच, आणि एखादा तरी वरणात पडतोच. सुती पंचा आणून त्याचे हातरुमालाएवढे तुकडे करून कडा शिवून घ्या, एकदा केले की वर्षानुवर्षं चालतात. घडी साधी, ताटाच्या डावीकडे, वर पाण्याचं भांडं ठेवलं की उडायचा प्रश्न मिटला.

फुलांबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण मला लिहायचंय. श्रावणात तुम्हाला पैसे घालवायची गरज नाही, तेरडा, गोकर्ण, कर्दळ, झेंडू, सोसायटीच्या कंपाउंडच्या कडेला पण काहीतरी उगवलेलं असतं. किंवा सकाळी पंचवटीत गणेशवाडीला फूलबाजारात गेलात तर पूजेच्या फुलांबरोबर टेबलाचीही येतील, गुलाब पाहिजे असतील तर आपल्याच दिंडोरी तालुक्यातले जानोरी-मोहाडीकडचे गुलाब लांब लांब जातात, आपण चार आणले तर कुठे बिघडलं. पण दोन गोष्टी. एक, वासाची फुलं टेबलावर नकोत, निशिगंध, मोगरा, सोनचाफा, ती देवघरात किंवा दाराशी ठेवा, नाहीतर वरणाच्या फोडणीचा वास आणि निशिगंधाचा वास मिळून डोकं दुखतं. उदबत्तीचंही तेच, पंगत मोकळ्या अंगणात असायची तेव्हा ठीक होतं, दहा बाय बाराच्या खोलीत दारं-खिडक्या पावसाने बंद असताना नको. दोन, उंची. समोरच्या माणसाचा चेहरा फुलांच्या वरून दिसला पाहिजे, वीतभर उंचीच्या पुढे काही ठेवू नका. खरं तर फुलदाणी नकोच, पितळी घंगाळ्यात किंवा साध्या खोल वाटीत पाणी घालून त्यात फुलं देठ तोडून तरंगत सोडा, पंख्याने पाकळ्या पण उडत नाहीत. फुलं आधी पाण्यात बुचकळून झटकून घ्या, पावसाळ्यात त्यात मुंग्या असतात आणि त्या नेमक्या जेवण सुरू झाल्यावर बाहेर पडतात.

आता माणसं. तुम्ही चार आणि ते चार, आठ. टेबल सहाचं. एका माणसाला नीट जेवायला दोन फूट रुंदी लागते, कोपर कोपराला लागून जेवण्यात मजा नाही, त्यामुळे आठ जणांना त्या टेबलावर कोंबू नका. पत्रात तुम्ही एक वाक्य लिहिलंय, "मी काय, नंतर बसेन." ताई, सगळा सल्ला या एका वाक्यासाठी आहे असं समजा. तुम्ही टेबल कशासाठी आणलंत, सगळ्यांनी एकत्र जेवावं म्हणून. मग त्यात तुमची खुर्ची कुठेय? आठ माणसांच्या हिशोबात पहिलं ताट तुमचंच वगळलं जातंय आणि ते वगळणाऱ्या तुम्हीच आहात. तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहून गरम पोळ्या आत-बाहेर करत राहिलात तर टेबल कितीही देखणं असू दे, जावेला ते बघून ओशाळल्यासारखंच होणार, तीही उठून "मी करू का काही" म्हणत आत येणार, मग दोघी स्वयंपाकघरात आणि बाहेर दोघे भाऊ फुलांकडे बघत बसलेत.

म्हणून दोन लहान मुलांसाठी खाली पंगत मांडा. टेबलाजवळच, वेगळ्या खोलीत नाही. चटई, पाट असतील तर पाट, आणि त्यांच्यासाठी मात्र केळीची पानं, श्रावणात बाजारात सहज मिळतात. पान धुऊन, पुसून गॅसवरून हलकं फिरवून घ्या, ते नरम पडतं आणि फाटत नाही. पुण्याच्या फ्लॅटमधल्या मुलांना पानावर जेवायला मिळालं तर ती टेबलाकडे ढुंकून बघणार नाहीत, उलट दीरच म्हणतील मी पण खाली बसतो. बसू दे. सासूबाई टेबलावर, बाकी ज्याला जिथे.

तुम्हाला बसता यावं म्हणून फुलक्यांचा हट्ट सोडा. गरम पोळी ताटात पडलीच पाहिजे हा आपल्याकडचा एक जुलूम आहे, त्यासाठी घरातलं एक माणूस कायम गॅसपाशी बांधलेलं असतं आणि ते माणूस कोण असतं ते सगळ्यांना माहितीये. घडीच्या पोळ्या करा, आत तेलाचं बोट फिरवलेल्या, सुती फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, तासभर छान मऊ राहतात. भाताचा कुकर शिट्ट्या झाल्यावर उघडायचाच नाही, वाढायच्या वेळीच उघडायचा, आतली वाफ भाताला गरम ठेवते. इगतपुरी-घोटीकडचा इंद्रायणी असेल तर तो गरम असतानाच जो काही सुगंध देतो तो देतो, मूद पण त्याचीच सुरेख पडते, बासमतीची पडत नाही, सुटा भात तो.

सगळी भांडी टेबलावर ठेवू नका, सहा ताटं, मध्ये फुलं आणि वर कुकर, कढई असं झालं की सजावट गेली. इस्त्रीचं टेबल उघडून भिंतीला लावा, त्यावर जुनी चादर, त्यावर भाजी, आमटी, पोळ्यांचा डबा, माश्यांसाठी वर जाळ्या. पहिलं वाढप ताटात झालेलंच असेल, मग ज्याला जे हवं ते तिथून घ्यायचं, आणि दुसऱ्यांदा वाढायचं काम तुमच्या नवऱ्याला आधीच सांगून ठेवा, भूक लागलीये म्हणणाऱ्या माणसाला वाढपी करावं, त्याला घाई असते. टेबलावर मधे फक्त वरणाची हंडी, तूप, लोणचं, पाणी.

वेळेचं गणित पुण्याच्या पाहुण्यांसाठी वेगळं लागतं. चाकणचा ट्रॅफिक त्यांना किती वेळ अडकवेल ते त्यांनाही सांगता येत नाही, आणि वाटेत चहाला थांबणार ते वेगळंच. म्हणून साडेबाराला जेवण असं ठरवून घड्याळाकडे बघत बसू नका, त्यांना सांगा सिन्नरच्या पुढचा मोहदरी घाट उतरलात की फोन करा. तो फोन आला की कुकर आणि पोळ्या, तोवर भाजी, आमटी, कोशिंबिरीचं चिरून ठेवणं सगळं झालेलं असेल. कोशिंबिरीत मीठ आणि दही ऐनवेळीच, नाहीतर काकडीला पाणी सुटून ताटभर पसरतं. पापड पण शेवटीच, या हवेत दहा मिनिटांत वातड होतात.

आणि मेनूमध्ये एकच गोष्ट वाढवायची असेल तर पनीरऐवजी करटुली घ्या. या दिवसात पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडच्या बायका बाजारात रानभाज्या घेऊन बसलेल्या असतात, करटुली, कुर्डू, फांदीची भाजी जे मिळेल ते, तुमच्या बटाट्याच्या भाजीशेजारी उजव्या बाजूला ती हिरवी भाजी आणि सोबत नागलीचा पापड, तो मुळातच काळपट तांबूस असतो, स्टीलच्या ताटात काय दिसतो. गोडाला शिरा करणार आहात ना, तोही मुदीतच पाडा, वर एक काजू, झालं. जावेने फोनवर "काही आणू का" विचारलं तर नाही म्हणू नका, सांगा तिला की आणच काहीतरी गोड चितळ्यांकडून, म्हणजे तिलाही रिकाम्या हाताने आल्यासारखं वाटणार नाही. पण ते खोक्यातून ताटलीत काढा, तो लेबलचा नियम तिच्या खोक्यालाही लागू.

ज्यांच्याकडे टेबलच नाहीये आणि जे हे वाचून हळहळतायत त्यांनी वरचं सगळं चटईवर करून बघावं, कापड आणि फुलं जमिनीवर जास्तच खुलतात, फक्त मोठ्या माणसांसाठी भिंतीशी एक खुर्ची आणि समोर स्टूल ठेवा. एकटे राहणाऱ्यांनी पण करावं, एका ताटाला एक स्वच्छ फडकं आणि लिंबाची फोड लागते, पाहुणे लागत नाहीत.

शेवटचं, भांडी. सहा ताटं, अठरा वाट्या, आणि तुमच्याकडे रविवारी मावशी येत नसतील तर ते कोण घासणार हे जेवणाआधीच ठरवा, जेवल्यावर कोणी ठरवत नाही, सगळे आडवे होतात. दोघे भाऊ धुतील आणि मुलगी पुसेल असं मी सुचवेन, सासूबाईंच्या समोर सुचवू नका, आदल्या रात्री नवऱ्याला एकट्याला सांगा. आणि पितळी हंडीला तारेची घासणी लावू देऊ नका, कल्हई निघते.